अकपुनारची गल्ली

वस्तीतल्या गल्ल्यांना आता नावं मिळणार, ही बातमी माक्रीनाला तंबाखूच्या वखारीत कळली. जमिनीवर मांडी घालून ती पानं निवडत होती. शेजारी बसलेल्या रालूचे हात जितके भराभर चालत होते त्याहून तिची जीभ भराभर चालत होती, आणि नेहमीप्रमाणे माक्रीनाला त्यातलं निम्मंच समजत होतं.

"म्हणजे आता आपण माणसांत आलो म्हणायचं," रालू म्हणाली. "इतकी वर्षं नुसत्या आकड्यांवर काढली. तुरुंगातल्यासारखी."

ते खरंच होतं. ग्रीसमधल्या कवाला शहराच्या डोंगरउतारावर सरकारने निर्वासितांसाठी एकसारख्या घरांच्या ओळी उभ्या केल्या होत्या आणि ओळींना नुसते आकडे दिले होते. घरं इतकी सारखी की टपालवाला चुकायचा, सुईण चुकायची. एकदा तर पाद्रीबाबा धूपदाणी हलवत, मयताची प्रार्थना म्हणत भलत्याच घरी शिरले आणि ज्या म्हाताऱ्याला पुरायला आले असं वाटलं, तोच दारात उभा राहून "काय हवंय?" म्हणून विचारता झाला. त्या प्रकारानंतर वस्तीने ओरड केली, आणि शेवटी हुकूम निघाला. प्रत्येक गल्लीतल्या लोकांनी एकत्र बसून आपल्या गल्लीचं नाव सुचवायचं.

"आपण सांगायची?" माक्रीनाने विचारलं. "नाव आपण सांगायची?"

"सांगायचं. 'नाव' सांगायचं," रालूने सवयीने दुरुस्त केलं. "हो, आपणच. म्हणजे आपले पुरुष. म्हणजे वूर्लाच. दुसरं कुठलं असणार?"

रालू वूर्लाची. गल्लीतली बहुतेक घरं त्याच भागातली, तुर्कस्तानातल्या समुद्रकाठची. जळत्या गावातून पळून, बोटीत जागा मिळवून आलेली ही माणसं. माक्रीना मात्र आतल्या मुलखातली, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवरची. तिच्या गावाचं नाव अकपुनार. गावात सगळे ख्रिस्ती. देवळात देवाशी ग्रीक बोलायचे, अर्थ न कळता. घरी, बाजारात, भांडणात, अंगाईत मात्र तुर्की. तिचा नवरा प्रोद्रोमोस तांबट होता. पंचक्रोशीतली भांडी त्याच्याकडे कल्हईला यायची. लढाईच्या काळात त्याला मजूर-तुकडीत धरून नेलं, पूर्वेकडे कुठेतरी रस्ते फोडायला. तो परतायच्या आधीच तुर्कस्तान आणि ग्रीसच्या सरकारांनी तिकडचे ख्रिस्ती आणि इकडचे मुसलमान यांची अदलाबदल ठरवली आणि अख्खं गाव गाड्यांवर लादून किनाऱ्याला आणलं गेलं. ग्रीसला उतरल्यावर पिरेअसच्या बंदरात माक्रीनाच्या लहानग्या एव्लांबियाला ताप भरला म्हणून दोघींना वेगळं ठेवलं. पोर बरी झाली तोवर गावची माणसं कुठे कुठे पांगली होती. कुणी थेसलीत, कुणी क्रीटमध्ये, कुणाचा पत्ताच नाही. दोघींना पुढच्या बोटीत बसवलं आणि कवालाला उतरवलं. त्या शहरात अकपुनारची म्हणावीत अशी तेवढीच दोन माणसं.

त्या संध्याकाळी माक्रीना चुलीपुढे बसली ती बसलीच. रश्श्यातला दलिया तळाला लागला तरी तिला वास आला नाही.

"आई, करपलं!" एव्लांबिया ओरडली.

"करपू दे. हे बघ, तुझा बाप सुटून आला तर आधी कुठे जाईल?"

"गावाला," पोर म्हणाली. बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण हा विषय तिच्या अंगवळणी पडला होता.

"गावात तर कुणीच नाही. मग?"

"मग इकडे. ग्रीसला."

"आणि इथे येऊन विचारणार काय? त्याला वस्ती ठाऊक नाही, घराचा आकडा ठाऊक नाही, या शहराचं नावही ठाऊक नाही. तो एकच विचारील. अकपुनार कुठे आहे?"

एव्लांबिया करपलेलं भांडं खरवडायला लागली. आईला काय सुचलंय ते तिला कळलं, आणि उद्या शाळेत पोरं आपल्याला कशी चिडवतील हेही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर गल्लीतले पुरुष स्तामातिसच्या कॉफीच्या दुकानात जमले. स्तामातिस म्हणजे रालूचा नवरा. मिशा भरदार, स्वभाव तापट. रालूपुढे मात्र दोन्ही खाली. अध्यक्ष म्हणून पोलिख्रोनिस मास्तरांना बसवलं होतं. वस्तीच्या शाळेत शिकवायचे ते. भला माणूस, पण जुन्या ग्रीक भाषेवर इतका जीव की मासळीवालीलाही दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणात भाव विचारायचे.

"वूर्ला," स्तामातिस म्हणाला. "कुणाची हरकत? नाही. झालं. कॉफी कुणाकुणाला?"

तेवढ्यात दारात माक्रीना उभी राहिली. बायका त्या दुकानात पाऊल टाकत नसत. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर बाहेरून हाक मारत. ती उंबरा ओलांडून आत आली तेव्हा सोंगट्यांचा खडखडाट थांबला.

"मी माक्रीना," ती म्हणाली. "मी सात नंबर घर राहतो. मला पण एक नाव आहे. अकपुनार. गल्ली अकपुनार व्हावा. माझी नवरा आली की—"

"माझी नवरा!" कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं दुकान हसलं. एकाने तर "आली का गं तुझी नवरा?" म्हणून सूर काढला.

स्तामातिस हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुर्की नाव?" तो म्हणाला. "माझ्या भावाला त्यांनी माझ्यासमोर मारलं, बाई. आम्ही जीव घेऊन इथे आलो, ते आता आमच्याच गल्लीच्या तोंडावर तुर्की शब्द ठोकायला?"

"तुर्की नाही. माझा गाव. तिकडे सेंट जॉर्जचं देऊळ. आम्ही सगळा ख्रिस्ती. माझी नवरा ग्रीक बोलत नाही, पण अक्षर वाचते. पाटी बघेल, अकपुनार वाचेल, आत येईल." तिने दम घेतला. "दुसरी काय वाचून आत येईल?"

आता कुणी हसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आतल्या मुलखातल्या ख्रिस्ती लोकांची बोली तुर्की, पण ती ते ग्रीक अक्षरांत लिहितात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. त्याचा असा उपयोग होऊ शकतो हे कधी मनात आलं नव्हतं.

"किती वर्षं झाली त्याला नेऊन?" स्तामातिसने विचारलं.

"एव्लांबिया तेव्हा चालायला लागत होती."

"तुझी पोर आता वाचायला लागली. तो येणार नाही, बाई. कुणीतरी तुला सांगायलाच हवं होतं."

माक्रीना वळली आणि बाहेर गेली. दुकानात बराच वेळ कुणी कॉफी मागितली नाही.

रालूच्या कानावर हे सगळं जेवायच्या आधीच गेलं. "येणार नाही म्हणालास तिला?" ती नवऱ्यावर कडाडली. "सगळ्या लोकांत? आणि तुर्की शब्द नको म्हणे! काल बोटावर हातोडी बसली तेव्हा कोणत्या भाषेत शिव्या घातल्यास? ख्रिस्ताच्या?"

एवढं बोलून ती तरातरा माक्रीनाकडे गेली, ती खरं तर सांत्वन करायलाच. पण माक्रीनाने दार उघडलं आणि हात जोडून म्हणाली, "रालूताई, तू सांग ना त्यांना. तुझी ऐकतात. पाटी अकपुनार लागला की माझी नवरा येईल." ते ऐकून रालू उंबऱ्यावरून एक पाऊल मागे सरली.

"आणि माझा मानोलिस?" ती म्हणाली. "त्याला तिकडच्या धक्क्यावरून तुर्की शिपायांनी ओढून नेलं. अठरा वर्षांचा होता. माझ्या डोक्याचा रुमाल त्याच्या मुठीत राहिला होता. तो काय विचारणार? अकपुनार? तो वूर्ला विचारणार! तुझा नवरा तेवढा यायचा आणि माझा मुलगा गल्लीच्या तोंडावरून माघारी जायचा, असं म्हणायचंय तुला?"

माक्रीनाला सगळे शब्द कळले नाहीत. पण मानोलिस हे नाव कळलं. आपण इतके दिवस शेजारी बसून पानं निवडतो, आणि ही रोज इतकं बोलते ते नेमकं काय न बोलण्यासाठी, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. रालू तशीच निघून गेली.

पुढे कितीतरी दिवस वखारीत दोघींच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली. मुकादमबाईने विचारलं तर दोघीही म्हणायच्या, "काही नाही, उकडतं."

मग वूर्लाकरांच्या मंडळाची जत्रा आली. शहरातले सगळे वूर्लाकर धक्क्याजवळच्या मैदानात जमायचे. सार्डिन मासे भाजायचे, वाइनची पिंपं फुटायची, गावाकडची वाद्यं वाजायची. यंदा सालोनिकाहून आणि लिम्नोसहूनही माणसं आली होती. रालू दरवर्षी त्या गर्दीत एकेका नव्या माणसाला गाठून मुलाबद्दल विचारायची. यंदाही विचारत फिरली, आणि विचारता विचारता मध्येच उभी राहिली. समोर मंडळाचा झेंडा फडकत होता, त्यावर हाताएवढ्या अक्षरांत वूर्ला. पलीकडे वूर्लाकर बेकरीवाला, वूर्लाकर न्हावी, वूर्लाकर वकील. अथेन्सला मंडळ, पिरेअसला मंडळ. मानोलिस कुठल्याही बंदरात उतरून वूर्ला म्हणाला असता तर चार माणसं उठून त्याचा हात धरायला धावली असती.

ती नाचाला थांबली नाही. भाजलेले सार्डिन कागदात गुंडाळून सरळ माक्रीनाच्या दारी आली.

"खा," ती म्हणाली. "आणि ऐक. माझ्या पोराला विचारायला हजार तोंडं आहेत. तुझ्या नवऱ्याला तुझ्याखेरीज कोण आहे? कुणी नाही. तेव्हा पाटी तुझी. आता यावर मी पुन्हा बोलणार नाही, आणि तूही काढू नकोस, नाहीतर माझं मन बदलेल."

माक्रीनाने तिचे दोन्ही हात धरले, माशांच्या वासासकट, आणि कपाळाला लावले.

पुढच्या बैठकीला पुरुष जमले तेव्हा दुकानात बसायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायकांनी सगळ्या खुर्च्या आधीच अडवल्या होत्या. कुणी मोजे विणत होती, कुणी शेंगा सोलत होती. स्तामातिस दारातच थबकला.

"हे काय आहे?"

"बैठक," रालू म्हणाली. "कॉफी कर. माझी गोड."

पुरुषांनी भिंतीला टेकून मत दिलं. स्तामातिसने हात वर केला नाही, पण वूर्लाच्या बाजूनेही केला नाही. मास्तरांनी सुंदर अक्षरात अकपुनार हे नाव कागदावर उतरवलं आणि वर पाठवून दिलं.

थंडी सरली, झाडांना पालवी आली, तेव्हा पाट्या आल्या. निळ्या, पांढऱ्या अक्षरांच्या. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस शिडी लावून खिळे ठोकत होता आणि खाली सगळी गल्ली उभी होती. माक्रीनाने डोक्याला धुतलेला रुमाल बांधला होता. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने लेकीला पुढे केलं.

"वाच."

एव्लांबियाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाली, "लेफ्कीस पिगीस."

"ते काय?"

मास्तर पुढे झाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "तुमचंच नाव आहे, माक्रीनाबाई! देशभर आता तुर्की नावं काढून ग्रीक ठेवायचा नियम आहे, तेव्हा वरच्यांनी ते नाकारलं नाही, नुसतं शुद्ध केलं. अक म्हणजे पांढरा, पुनार म्हणजे झरा. लेफ्की पिगी. षष्ठीत लेफ्कीस पिगीस. श्वेत निर्झराची गल्ली! अर्थ तोच, आणि कानाला किती गोड!"

माक्रीना पाटीकडे बघत राहिली. मग मास्तरांकडे वळली. बोलताना तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"मास्तर, तुमची नाव पोलिख्रोनिस. त्याचा अर्थ काय?"

"पुष्कळ वर्षं जगणारा."

"मग मी उद्या रस्त्यावर हाक मारतो. ओ, पुष्कळ वर्षं! तुम्ही मागे बघणार?"

शिडीवरचा माणूस हातोडी खाली घेऊन हसायला लागला, आणि मग मास्तरांकडे बघून थांबला. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली आणि घरी गेले. पुढे त्यांनी दोन अर्ज केले, स्वतः जाऊन रदबदलीही केली. नियम म्हणजे नियम, असं उत्तर आलं.

पण रालू अर्ज करणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला गल्लीत शिरला. त्याने नवी पाटी वाचली होती आणि तिचा त्याला अभिमान वाटत होता. "लेफ्कीस पिगीस!" त्याने आरोळी दिली. "गरम पाव, लेफ्कीस पिगीस!"

एकही दार उघडलं नाही. खिडक्यांमागे बायका उभ्या होत्या ते त्याला दिसत होतं. त्याने पुन्हा आरोळी दिली. शेवटी रालू उंबऱ्यावर आली.

"कुणाला शोधतोयस रे?"

"कुणाला म्हणजे? पाव आणलाय, रालूबाई. लेफ्कीस पिगीस..."

"तशी गल्ली इथे नाही. ही अकपुनारची गल्ली. चुकलास तू. बघ पुढे कुठे सापडते का."

पाववाला हुशार निघाला. गल्लीच्या तोंडापर्यंत परत गेला, वळला, आणि "अकपुनार! गरम पाव!" म्हणत आला. सगळी दारं एकदम उघडली. मासळीवाल्याला दोन दिवस लागले. कोळशाच्या गाडीवाल्याला आठवडा, कारण तो हट्टी होता. पण कोळसा अंगावर पडून राहतोय म्हटल्यावर त्याचीही जीभ वळली. वखारीत हजेरी घेताना बायका पत्ता सांगायच्या, "अकपुनार." धक्क्यावरच्या हमालांना रालूने एकदा द्राक्षांच्या पानात गुंडाळलेला भात खाऊ घातला आणि समोर बसवून तो शब्द म्हणवून घेतला, शाळेतल्या पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसा. स्तामातिसने काही दिवस तोंड फिरवलं. मग एका सकाळी त्याच्या दुकानात एका परक्याने गल्लीचं नाव विचारलं, तेव्हा तो पेले पुसता पुसता "अकपुनार" म्हणून गेला. रालूने ते ऐकलं.

माक्रीना वाट बघत राहिली. तिचं ग्रीक सुधारलं, "माझी नवरा" जाऊन "माझा नवरा" आला. वस्तीतल्या काही बायका कुजबुजायच्या, हिने अजून काळे कपडे का घातले नाहीत म्हणून. एका चांगल्या सुताराने तिला मागणीही घातली. ती म्हणाली, माझं लग्न झालेलं आहे.

तो माणूस आला तो तंबाखूच्या हंगामात, भर दुपारी. लोक कामाच्या शोधात दुरून दुरून येत, त्यातलाच एक. धक्क्यावर उतरून, गाठोडं खांद्याला लावून तो कुठे जावं याचा विचार करत उभा होता, तेवढ्यात एक हमाल दुसऱ्याला ओरडला, "ही दोन पोती अकपुनारला घाल रे!"

माणसाने हमालाची बाही धरली. "काय म्हणालास?"

"अकपुनार. वर, वस्तीत. का?"

हमालाने त्याला पोत्यांबरोबर वर आणला आणि सात नंबरच्या दारापुढे उभा केला, कारण अकपुनार विचारत कुणी आलं तर त्याला कुठे न्यायचं हे धक्क्यावर सगळ्यांना पाठ होतं. माक्रीनाने दार उघडलं. तिने त्याचा चेहरा बघितला. तो प्रोद्रोमोस नव्हता. उंच, वाळलेला, एका हाताची दोन बोटं नसलेला कुणी परका.

"आत या," ती तुर्कीत म्हणाली.

इतक्या वर्षांनी दारात कुणी आपल्या बोलीत बोललं म्हणून असेल, तो माणूस उंबऱ्यावरच रडायला लागला.

त्याचं नाव इओर्दानिस. गाव दुसरं, अकपुनारपासून दोन दिवसांवरचं. तो आणि प्रोद्रोमोस एकाच तुकडीत होते, एकाच घोंगडीत झोपायचे. तिने त्याला पाणी दिलं, गोड दिलं, बसायला दिलं. मग स्वतः समोर बसली आणि म्हणाली, "सांगा."

"बाई, तुम्हाला माहीत नाही का?"

"नाही. मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. दुसऱ्या हिवाळ्यात तुकडीत टायफस शिरला. माणसं रस्त्याच्या कडेलाच पडायला लागली. प्रोद्रोमोस तीन दिवस तापात होता. पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिपायाचं भांडं त्याने मागे कल्हई करून दिलं होतं, त्या ओळखीवर त्या शिपायाने गरम पाणी आणून दिलं. शुद्ध गेली नव्हती तोवर तो अकपुनारबद्दलच बोलत होता. जमीन गोठलेली होती, खणता येईना. इओर्दानिस आणि आणखी एकाने त्याच्यावर दगड रचले. इओर्दानिसला प्रार्थना येत नव्हती, म्हणून त्याने आपल्याला येत होतं तेवढं "देवा, कृपा कर" म्हटलं. पुष्कळ वेळा म्हटलं.

"मी सुटलो तेव्हा तुमच्या गावी गेलो होतो," तो म्हणाला. "बघितलं तर घराघरांत नवी माणसं. इकडे आल्यावरही विचारलं. पिरेअसला, व्होलोसला. कुणाला ते गावच माहीत नव्हतं. मग सोडून दिलं मी. माफ करा."

माक्रीनाने विचारलं, "पायात काही होतं का त्याच्या? थंडीत?"

"होतं. माझी फडकी गुंडाळली होती मी."

"बरं केलंत," ती म्हणाली.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मजूर-तुकडीतून सुटलेला माणूस आलाय. आधी पलीकडची बाई आली, नवऱ्याचं नाव सांगत. मग दोन बहिणी आल्या, भावाचं विचारत. मग दाराबाहेर रांगच लागली, आपल्याच नव्हे तर शेजारच्या गल्ल्यांतल्याही बायकांची. कुणी फोटो आणला होता, कुणी उंची हाताने दाखवत होती, कुणी "कपाळावर जखमेची खूण, डाव्या बाजूला" असं पुन्हा पुन्हा सांगत होती. इओर्दानिस प्रत्येकीचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, एव्लांबिया ग्रीकचं तुर्की करून सांगायची, आणि तो मान हलवायचा. नाही पाहिला. नाही, ताई. त्या तुकडीत नव्हतो मी. त्याला खोटं सांगता आलं असतं. एकदोघींना सांगावंसंही वाटलं असेल. पण प्रत्येक वेळी तो माक्रीनाकडे बघायचा आणि खरं तेच बोलायचा.

सगळ्यांत शेवटी रालू आली. आयुष्यात पहिल्यांदाच रांगेत मागे उभी राहिली होती ती.

"मानोलिस," ती म्हणाली, आणि पुढचं काही तिला बोलता येईना. माक्रीनाच पुढे झाली. वूर्ला, अठरा वर्षं, कुरळे केस, धक्क्यावरून नेला, असं सगळं तिने तुर्कीत सांगितलं, एकही गोष्ट न विसरता.

इओर्दानिसने बराच वेळ आठवून बघितलं. "नाही, माउली," तो म्हणाला. "नाही भेटला."

रालूने मान हलवली. मग माक्रीनाला मिठीत घेतलं आणि तिथेच, दारात, दोघी उभ्या राहिल्या. कोण कुणाला धरून होतं ते सांगता आलं नसतं.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी प्रार्थना करायची रीत, पण तो हिशेब करण्यात आता अर्थ नव्हता. पुढच्याच रविवारी प्रोद्रोमोसच्या नावाने देवळात प्रार्थना झाली. मयताच्या प्रार्थनेनंतर वाटायचे गहू रालूच्या घरी उकडले. डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, वर साखरेचा थर. गल्लीतली प्रत्येक बाई काहीतरी घेऊन आली. स्तामातिसने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि देवळातून परतणाऱ्या प्रत्येकाला दारात उभं राहून स्वतः कॉफी आणि ब्रँडी दिली. माक्रीनासमोर तो आला तेव्हा "देव त्याला क्षमा करो," एवढंच म्हणाला, आणि ते तुर्कीत म्हणाला.

"तू पण नाव दे की," कुणीतरी रालूला सुचवलं. "मानोलिसचं. एकत्रच होऊन जाईल."

"माझा अजून यायचाय," रालू म्हणाली, आणि कुणी पुन्हा तो विषय काढला नाही.

इओर्दानिस हंगामभर राहिला. कॉफीच्या दुकानामागच्या खोलीत झोपायचा, रविवारी माक्रीनाकडे जेवायचा. तिने आता काळे कपडे घातले होते आणि त्या कपड्यांत ती, का कोण जाणे, पूर्वीपेक्षा सैल बसायची, सैल बोलायची. एका रविवारी जेवण झाल्यावर एव्लांबियाने भांडी बाजूला सारली आणि त्याला विचारलं, "माझे बाबा कसे होते? म्हणजे मरायच्या आधी. म्हणजे रोजचे."

इओर्दानिस विचारात पडला. "घोरायचा," तो म्हणाला. "असा घोरायचा की खेचरं दावी तोडायची. आम्ही त्याला आळीपाळीने लाथा मारायचो. आणि सकाळी उठून म्हणायचा, काल रात्री कुणीतरी फार घोरत होतं बुवा, माझी झोपच झाली नाही."

पोरगी खुदकन हसली. मग मोठ्याने हसली. माक्रीना चुलीजवळ पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते, आणि ती वळली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत होती.

"गावातही हेच," ती म्हणाली. "शेजारच्यांनी भिंत जाड करून घेतली होती. सांग, इओर्दानिस, तिला ते पण सांग. तो गायचा का तिकडे? गायला लागला की काय व्हायचं?"

"अरे देवा," इओर्दानिस म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.